माजी सेक्रेटरींच्या प्रतिक्रियेला उत्तर: मेंटेनन्सची पावती आणि इतिवृत्ताची वही

नमस्कार.

‘अकरा वर्षं सेक्रेटरी राहिलेला एक सभासद’ अशी सही करून तुम्ही माझ्या मागच्या लेखावर लिहिलंत. रीसेलचा फ्लॅट घेण्याआधी सोसायटीचा ताळेबंद, उपविधी (सोसायटीचे नियम) आणि सभांचं इतिवृत्त (सभेत काय ठरलं त्याची नोंद) बघा, असं मी त्यात म्हटलं होतं. तुमचे आक्षेप तीन. परक्या माणसाला कुठलीही कमिटी दप्तर उघडून दाखवत नाही, आणि दाखवूही नये. ऐंशी लाखांचं घर घेणारा महिन्याला हजार रुपये कमीजास्त झाले म्हणून मागे फिरत नाही. आणि नोकरी सांभाळून, एक रुपया न घेता राबणाऱ्या कमिटीवाल्यांना मी संशयाच्या पिंजऱ्यात उभं केलं.

तिसऱ्यापासून सुरुवात करते, कारण ते तुम्हाला मनापासून लागलेलं दिसतं. ‘कमिट्या माहिती दडवतात’ असं एक सरसकट वाक्य त्या लेखात होतं. ते मी काढून टाकलं आहे. रविवारी सकाळी पंप बंद पडला की कोणाचा फोन वाजतो, पाण्याच्या टँकरसाठी कोण उन्हात उभं राहतं, हे मी जवळून पाहिलं आहे. तुम्हाला वाईट वाटलं याबद्दल माफी मागते.

पहिल्या आक्षेपात तुमचं बरोबर आहे आणि माझी चूक आहे. मी लिहिलं होतं, ‘सोसायटीकडे कागद मागा’. सहकार कायद्याने दप्तर बघण्याचा हक्क सभासदाला दिला आहे. उपविधी, लेखापरीक्षण झालेला शेवटचा ताळेबंद, सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त हे सगळं सभासद बघू शकतो, लेखी अर्ज करून आणि ठरलेली फी भरून नक्कलही घेऊ शकतो. फ्लॅट घेऊ पाहणारा अजून सभासद झालेलाच नसतो. पण विकणारा असतोच. म्हणून मागायचं ते विकणाऱ्याकडे, आणि टोकन (सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम) देण्याआधी. अर्ज त्याने करायचा, नकला त्याने आणून द्यायच्या. कमिटीला त्यात अवघड काही नाही, कारण ती आपल्याच सभासदाला कागद देते आहे. विकणाऱ्याने ‘कशाला हवंय ते सगळं, आम्ही इतकी वर्षं राहतोय ना’ असं म्हटलं, तर मी तरी तिथे थांबेन.

आता दुसरा आक्षेप. हा मला मान्य नाही, आणि का नाही ते माझ्याच घरावरून सांगते.

२०१६ साली आम्ही डोंबिवलीत वन बीएचके घेतला. १९८९ची इमारत, चार मजले, चोवीस फ्लॅट, लिफ्ट नाही. मेंटेनन्स महिन्याला ९०० रुपये. शेजारच्या गल्लीतल्या तशाच इमारतीत १,७०० होता. एजंटने हा फरक दोनदा बोलून दाखवला आणि आम्ही खूश झालो. विकणाऱ्यांनी शेवटच्या महिन्याची पावती दाखवली, थकबाकी शून्य. पावतीवर ‘सिंकिंग फंड – १०’ (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी) असं छापलेलं होतं आणि त्याखाली ‘दुरुस्ती निधी’पुढे नुसती आडवी रेघ. ती रेघ आम्ही दोघांनीही पाहिली. तिचा अर्थ काय, हे विचारावंसं वाटलं नाही.

राहायला येऊन दोन महिने झाले आणि नोटीस लागली. खांबांची दुरुस्ती, बाहेरचं प्लॅस्टर, गच्चीचं वॉटरप्रूफिंग. प्रत्येक फ्लॅटमागे १,८५,००० रुपये. सेक्रेटरींकडे गेले तेव्हा त्यांनी शांतपणे निळ्या रेक्झिनची वही माझ्यासमोर उघडून ठेवली. ठराव आदल्या सप्टेंबरच्या वार्षिक सभेत झाला होता. स्ट्रक्चरल ऑडिटचा (इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा) अहवाल वाचून दाखवल्याची नोंद होती, कंत्राटदाराचा आकडा होता, आणि उपस्थितांच्या यादीत सतराव्या क्रमांकावर आम्हाला फ्लॅट विकणाऱ्यांची सही होती. कमिटीने काहीही दडवलं नव्हतं. वही कपाटात होती. आम्ही ती मागितली नव्हती.

त्या रात्री मी घरी एका पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. दुरुस्ती निधीपुढची रेघ म्हणजे शून्य, उरला सिंकिंग फंड. दहा रुपये महिना, चोवीस फ्लॅट, सत्तावीस वर्षं: ७७,७६० रुपये. काम निघालं होतं ४४ लाख ४० हजारांचं. मग आदर्श उपविधी, म्हणजे सरकारने सोसायट्यांसाठी घालून दिलेला नियमांचा नमुना, काढून पाहिले. सिंकिंग फंड वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के, दुरुस्ती निधी किमान ०.७५ टक्के, आणि खर्च धरायचा तो जमिनीची किंमत वगळून. सोसायटीच्या दप्तरात एका फ्लॅटचा बांधकाम खर्च होता दीड लाख. म्हणजे दोन्ही मिळून वर्षाला दीड हजार, महिन्याला सव्वाशे रुपये. ते सत्तावीस वर्षं नेमाने भरले असते आणि एक पैही खर्च झाली नसती, तरी जमले असते ९ लाख ७२ हजार. व्याजाने दुप्पट झाले असते तरी अर्ध्या कामालाही पुरले नसते.

माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे. टक्केवारी धरली जाते ती इमारत उभी राहिली तेव्हाच्या खर्चावर, आणि सिमेंट, सळई, मजुरी येते आजच्या भावाने. नियमाप्रमाणे चालणारी सोसायटीसुद्धा जुनी होत जाते तशी पैशाला कमी पडत जाते, जोवर सर्वसाधारण सभा वर्गणी वाढवत नाही. उपविधींतला आकडा ‘किमान’ आहे, सभा त्याहून जास्त ठरवू शकते. पण वर्गणी वाढवायचा विषय निघाला की सभेत काय होतं, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा अनुभवलं असेल. त्यामुळे १,७०० आणि ९०० मधला फरक हजाराच्या आतला असला, तरी त्या फरकात इमारतीची तब्येत कळते. दरमहा ८०० रुपये वाचवत गेलं तर १,८५,००० व्हायला एकोणीस वर्षं लागतात. विकणारे तिथे वीस वर्षं राहिले होते. त्यांनी जे भरलं नाही, ते आम्ही मुदत ठेव मोडून एका झटक्यात भरलं. पंधरा वर्षांवरच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांवरच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायला आदर्श उपविधींतच सांगितलं आहे. तो अहवाल आणि शेवटच्या दोन वार्षिक सभांचं इतिवृत्त, एवढंच आम्ही वाचलं असतं तर तेवढी रक्कम किमतीतून वजा करून मागितली असती.

ऐंशी लाखांपुढे हजार रुपये काहीच नाहीत, असं तुम्ही लिहिता. ऐंशी लाखांतले साठ-पासष्ट बँकेचे असतात. हप्ता सुरू झाल्यावर त्या माणसाच्या हातात जे उरतं, त्यापुढे दीड-दोन लाखांची नोटीस फार मोठी असते.

नियमांबद्दलही तुम्ही ‘सगळीकडे सारखेच’ असं म्हटलं आहे. आदर्श उपविधी सारखे असतात, हे खरं. पण घर सोसायटीत आहे की १९७०च्या अपार्टमेंट कायद्याखाली, हा फरक पुण्यात कितीतरी जणांना राहायला गेल्यावर कळतो. सोसायटीत सेवाशुल्क (वॉचमन, सफाई, जिन्यातली वीज अशा सामायिक सेवांचा खर्च) दर फ्लॅटला समान, वन बीएचके असो की थ्री. अपार्टमेंटमध्ये ते अविभक्त हिश्श्याच्या, म्हणजे सामायिक मालमत्तेत त्या फ्लॅटचा जो वाटा असतो त्याच्या, प्रमाणात. मोठा फ्लॅट घेणाऱ्याचा महिन्याचा हिशेब यानेच बदलतो. डीड ऑफ डिक्लरेशन (हे हिस्से ज्यात लिहिलेले असतात तो नोंदणीकृत दस्त) मागून बघायचं ते त्यासाठी.

फ्लॅट भाड्याने द्यायचा विचार असेल तर बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त लावता येत नाही. आपलं जवळचं कुटुंब राहत असेल तर ते लागतच नाही. हस्तांतरणाचा प्रीमियम (फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर होताना सोसायटी घेते ती रक्कम) महानगरपालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,००० रुपये. त्यावर ‘इमारतीसाठी ऐच्छिक देणगी’ म्हणून लाख-दोन लाख मागितल्याचे निरोप मला वाचकांकडून अजून येतात. सभेने एकमताने ठराव केला म्हणून ती सक्ती वैध होत नाही. २०१७च्या आधीच्या जुन्या इमारतींत स्टिल्टमधलं (इमारतीखालच्या खांबांमधल्या मोकळ्या जागेतलं) पार्किंग बिल्डरला स्वतंत्र गाळा म्हणून विकता येत नव्हतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये स्पष्ट केलं. म्हणून अशा इमारतीत ‘पार्किंगसकट’ असं कोणी म्हटलं, तर सोसायटीने ते कोणत्या ठरावाने दिलं तेवढं विचारायचं.

थकबाकीचा मुद्दा तुम्ही स्वतः जोडलात, आणि तो माझ्या लेखात खरंच राहिला होता. जुन्या मालकाची बाकी असेल तर शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला) नावावर होताना ती नव्याच्याच गळ्यात येते. थकबाकी नसल्याचा दाखला खरेदीखताच्या आठवड्यातलाच असावा, सहा महिन्यांपूर्वीचा नको, ही तुमची सूचना मी लेखात तुमच्या सहीसह घातली आहे.

एक विचारते. तुमच्या अकरा वर्षांत विकायला निघालेल्या किती सभासदांनी इतिवृत्ताच्या नकला मागितल्या, आणि मागितल्यावर त्या हातात पडायला किती दिवस लागले? एजंट इथे ‘दोन दिवसांत टोकन द्या’ म्हणून घाई करतात. तुम्ही दिवस सांगितलेत, तर घेणाऱ्याने विकणाऱ्याकडून किती मुदत मागून घ्यायची ते मला नेमकं लिहिता येईल.