‘आमच्या फोनमध्ये कोण कशाला डोकावेल?’ या प्रतिक्रियेला उत्तर

काका,

तुमची प्रतिक्रिया दोनदा नीट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: फोनवर कुणाची पाळत आहे का हे तपासायला मी लेखात दिलेली *#२१# ची युक्ती चुकीची आहे, पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरचं नाव घेऊन मी साध्या माणसांना उगाच घाबरवतोय, आणि ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही त्याने धास्ती घ्यायचं कारणच नाही.

पहिला मुद्दा पूर्ण मान्य. *#२१# दाबल्यावर एवढंच कळतं की आपले कॉल दुसऱ्या नंबरवर वळवले आहेत की नाहीत. फोनमध्ये पाळत ठेवणारं ॲप आहे का, याच्याशी त्याचा संबंध नाही. स्क्रीनवर ‘बंद’ असं दिसलं म्हणून माझा लेख वाचून कुणी निर्धास्त झालं असेल, तर चूक माझी. ती ओळ आता बदलली आहे. कोड मात्र अगदीच बिनकामाचा नाही. कुरिअरवाले म्हणून फोन करणारे भामटे *४०१* आणि पुढे एक नंबर दाबायला लावायचे. मग आपले कॉल तिकडे जायचे, व्हॉट्सॲपचा कोड ते कॉलवर ऐकायचे आणि खातं त्यांच्या हातात. शेवटी दूरसंचार विभागाला एप्रिल २०२४ पासून असे कोड दाबून कॉल वळवायची सोय थांबवायचा आदेश काढावा लागला.

पेगॅससचंही निम्मं मान्य. २०१९ मध्ये व्हॉट्सॲप कॉलच्या वाटेने ते जगभरात सुमारे १४०० जणांच्या फोनमध्ये घुसवायचा प्रयत्न झाला. कॉल उचलायचीसुद्धा गरज नव्हती. त्यात भीमा-कोरेगाव खटल्यातल्या आरोपींचे नागपूरचे वकीलही होते. एवढं महागडं हत्यार तुमच्या-माझ्यावर कुणी वापरणार नाही, हे खरंच.

पण काका, साध्या माणसावर नजर ठेवायला पेगॅसस लागतच नाही. पाच मिनिटं फोन हातात मिळाला की पुरतं.

गेल्या दिवाळीत माझी मामेबहीण म्हणाली, “दादा, मी आईशी व्हॉट्सॲपवर जे बोलते ते ह्यांना शब्दन् शब्द कसं कळतं?” (तिला विचारूनच हे लिहितोय.) तिचा फोन घेतला, व्हॉट्सॲपचे तीन ठिपके दाबले आणि ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडलं, म्हणजे हेच व्हॉट्सॲप आणखी कुठे चालू आहे त्याची यादी. तिथे एकच ओळ होती: गूगल क्रोम, विंडोज, शेवटचा वापर आज सकाळी ९:१२. तिच्याकडे कॉम्प्युटर नाही. घरात लॅपटॉप एकच, नवऱ्याचा. तिने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलंच नाही.

आम्ही लगेच लॉग आउट केलं नाही. कारण ते केलं की समोरच्याला तेव्हाच कळतं, आणि तो काय करेल याचा नेम नसतो. आधी त्या स्क्रीनचे फोटो दुसऱ्या फोनवर काढले, तिने घरून स्वतःची कागदपत्रं आणली, माहेरी राहायला आली, मग ती ओळ काढली आणि फोनचा पिन बदलला.

तिच्याकडे लपवण्यासारखं काय होतं? आईला सांगितलेलं दुखणं. तेवढंच. पण ते कुणाला सांगायचं, हे तिनेच ठरवायचं होतं. तुमचा तिसरा मुद्दा मला पटत नाही तो यामुळे.

दुसरी वाट अनोळख्यांची. व्हॉट्सॲपवर ‘लग्नपत्रिका’ किंवा ‘आरटीओ चलन’ नावाची फाइल येते, नावाच्या शेवटी एपीके. पत्रिका म्हणून आपण ती उघडतो, पण ते असतं ॲप. ते एसएमएस वाचायची आणि ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागतं. दिली की स्क्रीनवरचं सगळं त्याला दिसतं, आपल्या वतीने बटणंही दाबता येतात. तुम्ही बँकेत नोकरी केलीत, ओटीपी दुसऱ्याला दिसला तर काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. पैसे गेलेच तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा, नातेवाइकांना नंतर.

तेव्हा आज रात्री जेवणं झाल्यावर दहा मिनिटं काढा. ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ बघा. सेटिंगमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’त ओळखीचं नसलेलं ॲप चालू आहे का बघा. प्ले स्टोअरमध्ये ‘प्ले प्रोटेक्ट’, म्हणजे धोकादायक ॲप तपासणारी सोय, कुणी बंद करून ठेवलेलं नाही ना, तेही पाहा. काकूंचाही फोन बघा, पण त्यांना विचारून.