हँग झालाय की विचार करतोय?

चार दिवस चालणाऱ्या प्रोग्रॅमची एक खोड असते. तो तिसऱ्या दिवशी गप्प होतो. पडत नाही. पडला असता तर निदान एररच्या दोन ओळी तरी मागे ठेवल्या असत्या. हा नुसता गप्प. लॉगमधली, म्हणजे कामाच्या नोंदवहीतली, शेवटची ओळ पहाटे २:४७ची, आणि तिच्यातही 'काम सुरू आहे' एवढंच. बंद करावा तर तीन दिवस पाण्यात, चालू ठेवावा तर तो काम करतोय की नुसता बसलाय ते कळत नाही. अशा वेळी पाठीमागे उभं राहून 'रीस्टार्ट मारून बघ ना' म्हणणारा कुणीतरी असतोच. त्याला आधी एखाद्या लांबलचक मीटिंगला पाठवून द्यावं.

माझं स्पष्ट मत असं, की हँग झाला म्हणून गवगवा होतो त्यातल्या बऱ्याच प्रोग्रॅमांना काहीही झालेलं नसतं. आउटपुट स्क्रीनवर जात असेल तर प्रत्येक ओळ पुरी झाली की दिसते. तेच आउटपुट फाइलकडे किंवा पाइपकडे, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमकडे, वळवलं, की आउटपुट लिहिणारी लायब्ररी चार-आठ हजार बाइट साठेपर्यंत एक अक्षर सोडत नाही. तुम्ही फाइलच्या नव्या ओळी दाखवणारं 'टेल -एफ' लावून श्वास रोखून बसलेले, आणि तुमच्या ओळी त्या साठवणीत, म्हणजे बफरमध्ये, निवांत. ही साठवण टाळायला पायथनला '-यू' द्यावा, बाकीच्यांना 'एसटीडीबफ' लावावा, हे सगळे उपाय उत्तम आहेत. फक्त ते प्रोग्रॅम सुरू करण्याआधी करायचे असतात.

म्हणून पहिला नियम: हात न लावता जेवढं बघता येईल तेवढं बघून घ्यावं. चालू प्रोग्रॅमांची, म्हणजे प्रोसेसांची, यादी दाखवणारं 'टॉप' उघडावं आणि स्थितीचं अक्षर वाचावं. 'आर' आणि सीपीयू १०० टक्के म्हणजे एकतर प्रामाणिक कष्ट, नाहीतर अनंत लूप. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. 'एस' आणि सीपीयू शून्य म्हणजे कुणाची तरी वाट बघणं चाललंय. 'डी' म्हणजे कर्नलच्या, ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, आत, बहुधा डिस्कपाशी किंवा नेटवर्कवरच्या स्टोरेजपाशी अडकलाय. इथे सक्तीने बंद करणारा 'किल -९' मारूनही सहसा उपयोग होत नाही, कारण आतलं काम आटपल्याशिवाय तो मरायलाही मोकळा नसतो. 'टी' म्हणजे कुणीतरी थांबवून ठेवलाय, आणि तो कुणीतरी सहसा 'मी काहीच केलं नाही' असं सांगतो.

एक कारण तर इतकं क्षुल्लक आहे की ते कुणी कबूल करत नाही. फाइल सेव्ह करायच्या सवयीने टर्मिनलमध्ये कंट्रोल-एस दाबलं जातं. त्याने टर्मिनलचं आउटपुट थांबतं, मग प्रोग्रॅम पुढची ओळ लिहायला जातो आणि तिथेच उभा राहतो. कंट्रोल-क्यू दाबलं की सगळं धो-धो वाहू लागतं. तज्ज्ञांना बोलावण्याआधी हे दाबून बघावं. नंतर दाबलं तर तज्ज्ञांच्या चेहऱ्याकडे बघवत नाही.

'अजून किती वेळ?' या प्रश्नाचं उत्तरही हात न लावता मिळतं. लिनक्सवर प्रोसेसांची माहिती देणाऱ्या '/प्रॉक' मध्ये त्या प्रोसेसच्या नंबराखाली 'एफडीइन्फो' नावाची डिरेक्टरी असते. प्रत्येक उघड्या फाइलसाठी तिथे 'पॉस' अशी एक ओळ सापडते. प्रोग्रॅम त्या फाइलमध्ये कितव्या बाइटवर आहे तो हा आकडा. इनपुट ८० जीबीचं आणि पॉस ५२ जीबीवर असेल, तर दहा मिनिटांनी परत बघा. आकडा हलला असेल तर प्रोग्रॅम जिवंत आहे, त्रैराशिक मांडा आणि घरी जा. फाइल मेमरीत मॅप करून, म्हणजे थेट मेमरीशी जोडून, वाचली जात असेल तर मात्र हा आकडा हलत नाही, आणि मग विनाकारण सुतक पाळलं जातं.

आकडा खरंच ठप्प असेल तर 'एसट्रेस -पी', म्हणजे प्रोग्रॅम कर्नलकडे करतो ती प्रत्येक मागणी (सिस्टिम कॉल) दाखवणारी कमांड. इथून पुढे आपण हात लावतोय. एसट्रेस प्रत्येक सिस्टिम कॉलला प्रोसेस दोनदा थांबवतो, आत जाताना आणि बाहेर येताना. भरमसाट कॉल करणारा प्रोग्रॅम त्यामुळे कित्येक पटींनी मंदावतो, तेव्हा अर्धा मिनिट बघून सोडून द्यावा. 'फ्युटेक्स' या कुलपावर थांबलेला दिसला तर थ्रेडांची, म्हणजे एकाच प्रोग्रॅममधल्या समांतर कामांची, आपसातली भांडणं. 'रीड(७,' एवढंच छापून ओळ अर्धी राहिली, तर उघड्या फाइलींच्या यादीत सातव्या नंबरावर काय आहे ते '/प्रॉक' मधल्या 'एफडी'त बघावं. बहुतेकदा सॉकेट (नेटवर्कवरची जोडणी) निघतो. पलीकडचं मशीन कधीच गेलेलं असतं, पण जाताना त्याने कळवलं नाही, आणि आपल्या प्रोग्रॅमात टाइमआउट (किती वेळ वाट बघायची ती मर्यादा) लिहिलेला नाही. अशा जोडण्या चालवणाऱ्या टीसीपीची, पलीकडे कुणी आहे का हे विचारणारी कीपअलाइव्ह सोय मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि लिनक्सवर मागितली तरी पहिली चौकशी ठरलेल्या ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी होते. तोवर हा फोन कानाला लावून बसलेला.

आता जीडीबी, म्हणजे चालू प्रोग्रॅम थांबवून आत डोकावणारा डिबगर. उबुंटू लिनक्सवर 'पीट्रेस_स्कोप' ही सेटिंग १ असते, त्यामुळे स्वतःच्याच प्रोसेसला अटॅच करायलाही (जीडीबी जोडायलाही) सुडो, म्हणजे अ‍ॅडमिनची परवानगी, लागते. ही कटकट वाटते, पण अटॅच होताच सगळे थ्रेड जागच्या जागी गोठतात हे लक्षात घेतलं तर परवानगी मागणं रास्तच आहे. तुम्ही शांतपणे स्टॅक, म्हणजे कुठल्या फंक्शनने कुठलं बोलावलं ती साखळी, वाचत बसता. तेवढ्यात पहारा देणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमला हार्टबीट, म्हणजे 'मी जिवंत आहे' हा निरोप, मिळत नाही, तो म्हणतो मेला वाटतं, आणि खरंच मारून टाकतो. म्हणून आधी पहारेकऱ्याला झोपवावं आणि मग '-बॅच' लावून एकाच फटक्यात 'थ्रेड अप्लाय ऑल बीटी' घ्यावं. दोन-चार सेकंदांत सगळ्या थ्रेडांचे जबाब फाइलमध्ये येतात आणि प्रोसेस मोकळी होते. वाचन नंतर.

जबाबात अर्ध्या व्हेरिएबलांपुढे 'ऑप्टिमाइझ्ड आउट' (कंपायलरने काटछाट केलेलं) लिहिलेलं असतं. ती अर्धी नेमकी आपल्याला हवी असलेली असतात. आणि दरम्यान कुणी सोर्स फाइल बदलली असेल तर जीडीबी दाखवतो ती ओळ दुसरीच असते. ४१२ नंबरला कधीच न चालणारी कॉमेंट कशी काय अडकली यावर मग गंभीर चर्चा होते.

जीडीबीतून चालू प्रोसेसमध्ये फंक्शनही बोलावता येतं. 'कॉल (इंट)एफफ्लश(०)' म्हटलं की बफरमध्ये दडलेल्या सगळ्या ओळी बाहेर पडतात. 'कॉल (इंट)शटडाउन(७,२)' म्हटलं की त्या मेलेल्या सॉकेटवरचा रीड परततो आणि प्रोग्रॅम पुढे सरकतो, अर्थात पुढचं एरर हाताळणारं कलम कुणी लिहिलं असेल तर. धोका असा, की थांबवलेल्या क्षणी एखाद्या थ्रेडने नेमकं तेच कुलूप धरलेलं असेल तर तुमचा कॉलही तिथेच अडकतो. बाहेर पडताना 'क्विट' म्हटल्यावर येणारा प्रश्न चष्मा लावून वाचावा: अटॅच केलेली प्रोसेस 'डिटॅच' होणार असते, जीडीबीतूनच सुरू केलेली 'किल'. आणि सवयीने 'रन' टाइप केलं, तर पहिल्यापासून सुरू करू का असं तो नम्रपणे विचारतो. 'वाय' दाबलं की तीन दिवस गेले.

'किल' कमांडने प्रोसेसला पाठवायच्या सिग्नलांची, म्हणजे इशाऱ्यांची, तर वेगळीच गंमत. 'किल -३' जावाच्या प्रोसेसला पाठवला की ती सगळ्या थ्रेडांचा स्टॅक छापते आणि जणू काही झालंच नाही अशी कामाला लागते. तोच सिग्नल साध्या सी प्रोग्रॅमला पाठवला तर तो तिथेच प्राण सोडतो. 'यूएसआर१'चंही तसंच. लिनक्सवरचा, कॉपी करणारा 'डीडी' तो मिळाल्यावर किती बाइट कॉपी झाले ते सांगतो, बीएसडी या दुसऱ्या सिस्टिमवरचा डीडी त्याच सिग्नलने मरतो. ज्या कमांडचं नावच 'किल' आहे तिच्याकडून प्रगतीचा अहवाल मागायचा, ही कल्पना कुणाला सुचली कोण जाणे.

एवढं करून कधीकधी डिबगर लावताच बग गायब होतो, कारण थ्रेडांची वेळ बदलते. संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांच्या १९८५च्या निबंधात अशा बगला 'हायझेनबग' म्हटलंय. मे १९९९ मध्ये डीप स्पेस १ या अंतराळयानावरच्या, लिस्प भाषेत लिहिलेल्या रिमोट एजंट प्रोग्रॅमचे थ्रेड असेच एकमेकांची वाट बघत अडकले. जमिनीवरच्या चाचण्यांत हे एकदाही घडलं नव्हतं. कारण शोधलं ते पृथ्वीवर बसून: एका जागी कुलूप लावायचं राहिलं होतं. तिथे 'रीस्टार्ट मारून बघ' म्हणणाऱ्याने काय सुचवलं असतं?

ज्यांना घाई नाही त्यांनी 'जीकोअर' वापरावा. तो प्रोसेसच्या मेमरीची प्रत फाइलमध्ये काढून देतो. मूळ प्रोसेस तेवढ्यापुरती थांबते आणि परत चालू लागते. प्रतीवर मग हवे तितके प्रयोग करा. फक्त ४० जीबी खाणाऱ्या प्रोसेसची प्रत साधारण ४० जीबीचीच होते, म्हणून आधी डिस्क बघावी. ती भरली तर प्रोग्रॅमला स्वतःचं आउटपुट लिहायला जागा उरत नाही. घाईघाईने त्याची जुनी लॉग फाइल 'आरएम' (म्हणजे डिलीट) केली तरी जागा सुटत नाही, कारण त्याने ती उघडी धरलेली असते. नाव जातं, बाइट राहतात. अशा वेळी '/प्रॉक' मधल्या त्याच 'एफडी'वाटे ती फाइल शून्यावर ट्रंकेट (म्हणजे रिकामी) करावी, आणि त्याआधी तो नंबर लॉगचाच आहे ना, आउटपुटचा नाही ना, हे दोनदा बघावं.