काटकसरीचा झटका

नवं झेरॉक्स मशीन आलं, शेठ? नारळ फोडलात, हार घातलात, स्वस्तिकही काढलंत. झालं तर मग! विजेच्या झटक्यापासून ते वाचवायला आता आणखी पैसे घालवण्याचं काही कारण नाही.

अर्थिंगचं तर नावच काढू नका. वायरमन म्हणेल खड्डा घ्या, पाइप पुरा, कोळसा-मीठ भरा, उन्हाळ्यात पाणी ओता. त्याला म्हणावं, लोणचं घालायचं असतं तर किराणा दुकान टाकलं असतं. मशीनच्या प्लगला पाय तीन आणि तुमच्या बोर्डाला भोकं दोन? वरचा जाड पाय पकडीने मोडून टाका. तो मुद्दाम लांब ठेवलेला असतो, सॉकेटमध्ये सगळ्यांच्या आधी शिरून जमिनीशी नातं जोडावं म्हणून. आपण धंदा करायला बसलोय, नाती जोडायला नाही.

कोणी सर्ज प्रोटेक्टरबद्दल, म्हणजे विजेची उसळी मशीनऐवजी जमिनीत वळवणाऱ्या डबीबद्दल, बोललंच, तर ‘स्टॅबिलायझर आहे की’ असं सांगून त्याला वाटेला लावा. आकाशातल्या विजेची उसळी काही मायक्रोसेकंदांत शिखर गाठते; स्टॅबिलायझरचा रिले, म्हणजे आतला स्विच, ‘कट्ट’ म्हणेपर्यंत ती मशीनच्या सर्किट कार्डातून आरपार गेलेली असते. पण ‘कट्ट’ आवाज येतो ना? समाधान महत्त्वाचं.

लोकलाजेस्तव ते सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे वायरमनच्या भाषेत एसपीडी, बसवायचंच झालं, तर वायरमनला बजावा की वायर कापायची नाही, उरलेली छान गुंडाळून बॉक्समध्ये ठेवायची, पुढे कामाला येईल. ती लगेचच कामाला येते. करंट मायक्रोसेकंदाला एक किलोअँपिअर या वेगाने चढला, तर मीटरभर सरळ वायरवरच साधारण हजार व्होल्ट उभे राहतात, आणि तेवढे मशीनच्या वाट्याला जादा येतात. गुंडाळीत तर विचारूच नका. शिवाय एसपीडीला एक छोटी खिडकी असते. आतलं व्हेरिस्टर, म्हणजे उसळी गिळणारा भाग, झटके अंगावर घेऊन घेऊन संपलं, की हिरवी खिडकी लाल होते. तिच्यावर कॅलेंडर लटकवा. लाल रंग आपल्याला फक्त सुट्टीच्या दिवशी बघायचाय.

आता न्यूट्रल तुटण्याचा योग. हा मात्र नशिबात असावा लागतो. डीपीकडून येणारी न्यूट्रलची, म्हणजे करंट परतीची, तार वाऱ्याने तुटली, की तुमचे कागदोपत्रीचे 230 व्होल्ट राहतात कागदावरच. मग दोन फेजमधले 400 व्होल्ट तुम्ही आणि शेजारी मिळून वाटून घेता, आणि वाटणी बरोबरीची नसते. शेजारच्या हॉटेलात गिझर, इस्त्री, सगळं जोरात चालू आणि तुमच्याकडे एक राउटर नि झोपलेलं मशीन? मग त्याचे दिवे मिणमिणतात आणि तुमची ट्यूब लग्नमंडपासारखी उजळते. जास्त भार ओढणाऱ्याला कमी आणि गरिबाला भरभरून देणारी अशी व्यवस्था या देशात दुसरीकडे कुठे सापडायची नाही. अशा वेळी मेन स्विचकडे धावू नका, व्हिडिओ काढा. साधं एसपीडी इथे स्वतःच जळतं. व्होल्टेज चढताच सप्लाय तोडणारं वेगळं यंत्र लावावं लागतं. म्हणजे पुन्हा खर्च. सोडा.

लोडशेडिंगनंतर ‘लाईट आली!’ ही आरोळी सगळा बाजार एकदम ठोकतो. त्याच क्षणी एसी, मशीन, फ्रीज सगळं चालूच असू द्या. पाच मिनिटं थांबलात तर गिऱ्हाईक पलीकडच्या झेरॉक्सवाल्याकडे जाईल. त्याचंही मशीन त्याच लायनीवर आहे, एवढा दिलासा पुरे.

मे-जूनमध्ये वळवाचे ढग दाटतात. पुण्याच्या हवामान संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप आसपासच्या विजेची सूचना देतं. ती वाचून झाली की मोबाइल मशीनशेजारच्याच बोर्डावर चार्जिंगला लावा. फारच भीती वाटली तर मशीनचा प्लग काढा, पण ब्रॉडबँडची आणि गच्चीवरच्या कॅमेऱ्याची वायर जोडलेलीच असू द्या. आत यायला पाहुण्याला एक दार तरी उघडं हवं.

मग एके सकाळी मेकॅनिक येईल, मागचं झाकण उघडेल, वास घेईल आणि म्हणेल, “कार्ड गेलं. वॉरंटीत बसत नाही, शेठ.” त्याच्याशी वाद घालू नका. चहा पाजा, नव्या कार्डाची ऑर्डर द्या आणि जुनं माळ्यावर आधीच्या दोघांशेजारी ठेवून द्या. खंडेनवमीला हळद-कुंकू वाहायला लागतं.