जर्मनीत कच्चं लिंबू होऊन सुखाने कसं राहावं

पहाटे उठायची सवय असेल तर जर्मनीत तुमचं भलं होणार, हे आधीच सांगून ठेवते. आजी काकड आरतीला उठायची ना, तसंच उठायचं, फक्त विठोबाच्या जागी लॅपटॉप ठेवायचा आणि परदेशी लोकांच्या ऑफिसची वेबसाइट उघडून रिफ्रेश मारत बसायचं. टेर्मिन, म्हणजे आपली अपॉइंटमेंट, नक्की कधी सुटतात याबद्दल जाणकारांत मतभेद आहेत, कुणी म्हणतं सकाळी सातला, कुणी म्हणतं रात्री बाराला, आमच्या ग्रुपवरचे एक काका तर छातीठोक सांगतात की मंगळवारी आठ वाजून दोन मिनिटांनी. तुम्ही सगळ्या वेळा पाळा. देव कधी पावेल सांगता येत नाही. 'सध्या एकही टेर्मिन उपलब्ध नाही' असं आलं की हिरमुसायचं नाही, मुखदर्शन झालं समजायचं आणि कामावर जायचं.

हे ऑफिस म्हणजे आउसलेंडरबेहोर्डं, आपल्याला इथे राहायचा परवाना देणारं. बर्लिनमध्ये १ जानेवारी २०२० पासून त्याचं बारसं करून नवीन नाव ठेवलंय, आधी 'परक्यांचं खातं' होतं ते आता 'स्थलांतराचं खातं' झालंय, ऐकायला किती गोड वाटतं. बऱ्याच गावांत मात्र आपण अजून परकेच आहोत, तेव्हा लगेच हुरळून जाऊ नका.

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडच्या तहसील कचेरीचा अनुभव गाठीशी आहे म्हणून तुम्ही निवांत असाल तर तो अनुभव आधी विसरा. तिकडे साहेब जेवायला गेलेले असतात पण परत येतात, बाहेर स्टॅम्पपेपरवाला असतो, त्याला सगळं माहीत असतं, आणि अगदीच अडलं तर कुणाचा तरी मेव्हणा आत असतो. इथे मेव्हणा नाही. चहापाणी नाही. ओरडून उपयोग नाही, रडून तर अजिबातच नाही, कारण रडण्यासाठी वेगळा फॉर्म लागतो की काय असं समोरच्याच्या चेहऱ्यावरून वाटतं. मी अठ्ठावीस वर्षं नियम पाळणारी व्यवस्था हवी म्हणून तळमळत होते, आता मिळालीये, आणि मला त्या मेव्हण्याची इतकी आठवण येते म्हणून सांगू.

कागदपत्रांची फाइल घ्या. प्लॅस्टिकचं फोल्डर नको, तो जाडजूड पुठ्ठ्याचा ओर्डनर घ्या, लग्नात आंदण दिल्यासारखा आयुष्यभर टिकतो. त्यात पासपोर्ट, भाडेकरार, पगाराच्या पावत्या, हेल्थ इन्शुरन्स, आनमेल्डुंगचा, म्हणजे पत्त्याच्या सरकारी नोंदणीचा कागद, आणि हे आनमेल्डुंग घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत करायचं असतं बरं का, त्यासाठी घरमालकाने 'होय, ही बाई माझ्याकडे राहते' असं सहीनिशी लिहून द्यावं लागतं. घराचं क्षेत्रफळही लागू शकतं, नवरा-बायको-पोरं एकत्र राहायची असतील तर सहा वर्षांवरच्या प्रत्येकामागे १२ चौरस मीटर आणि त्याखालच्याला १० असा ढोबळ हिशोब धरतात. आम्ही डोंबिवलीत ज्या घरात सात जण वाढलो ते घर या हिशोबाने दीड माणसाचं भरतं. आणि मूळ जन्मदाखला दाखवून झाला की पटकन परत घ्या, समोरच्या टेबलावर दोन भोकं पाडायचं पंच मशीन असतं आणि जर्मन माणसाला समोर आलेल्या कागदाला भोकं पाडल्याशिवाय चैन पडत नाही.

फोटो स्टुडिओतून कागदावर काढून आणू नका. १ मे २०२५ पासून, ऐन महाराष्ट्र दिनाच्या मुहूर्तावर, पासपोर्टला आणि आपल्या परवान्याला फोटो फक्त डिजिटल चालतो. फॅक्स मात्र अजून चालतो.

यानंतर नावाचा विषय. हा आपल्या मराठी लोकांचा खास छळ आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगते. आपल्या पासपोर्टात नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव आणि पुढे बापाचं किंवा नवऱ्याचं नाव चिकटवलेलं असतं. जर्मन लोकांना वाटतं ही दोन्ही तुमचीच नावं. त्यामुळे मला येणाऱ्या प्रत्येक पत्रात मी माझ्यासकट मिलिंद असते, दाताच्या डॉक्टरकडेही दोन्ही नावांनी पुकारा होतो. आता जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव, म्हणजे तीनपैकी दोन नावं जुळत नाहीत, ऑफिसातल्या बाईंनी चष्मा वर करून विचारलं, हे मिलिंद तुमचं दुसरं नाव का? मी म्हटलं नाही, तो बाहेर बसलाय. मग तो तुमच्या नावात काय करतोय? अकरा वर्षांच्या संसारात हा प्रश्न मला सुचला नव्हता. या प्रश्नाला तयारीनिशी जा, 'आमच्याकडे अशी पद्धत आहे' हे उत्तर त्या कॉम्प्युटरमध्ये बसत नाही.

आणि भारतातून जन्मदाखल्यावर अपोस्टीलचा, म्हणजे कागद परदेशातही खरा मानावा म्हणून असतो तो शिक्का मारून आणलात म्हणून छाती काढून चालू नका. भारत २००५ साली त्या हेगच्या करारात सामील झाला, जर्मनीने त्यावर आक्षेप नोंदवला, त्यामुळे आपला अपोस्टील बऱ्याच देशांत चालतो आणि नेमका इथे चालत नाही. मग गरज पडली तर कागद दूतावासामार्फत तपासायला पाठवतात, म्हणजे तिकडचा एक वकील तुमच्या गावी जाऊन नोंदी तपासतो. यावर सल्ला एवढाच, आईबाबांना आधी फोन करून ठेवा. नाहीतर अनोळखी माणूस फाइल घेऊन तुमच्याबद्दल विचारत फिरतोय म्हटल्यावर गल्लीत सगळ्यांना वाटतं स्थळाची चौकशी आलीये, आणि आमच्या वर्गातल्या एकीच्या बाबतीत झालं तसं शेजारच्या काकू वकिलाला पोहे करून घालतात आणि मुलगी स्वभावाने किती चांगली ते सांगत बसतात, मुलगी इकडे दोन पोरांची आई.

बऱ्याच ऑफिसांत तुमची फाइल कुणाकडे जाणार हे आडनावाच्या पहिल्या अक्षरावर ठरतं. त्यामुळे कुलकर्णी, कदम, कांबळे, केळकर, काळे ही सगळी एकाच टेबलावर, शतकानुशतकं जे एका पंगतीला बसले नाहीत त्यांना जर्मन वर्णमालेने एका रांगेत बसवलंय, त्याबद्दल आभारच मानायला हवेत. ग्रुपवर चर्चा असते, आमची पी-वाली बाई फार छान आहे हो, तुमच्या के-वाल्याचं काही खरं नाही. ज्यांची लग्नं अजून व्हायचीत त्यांनी पत्रिका बघताना नाडीदोषासोबत अक्षरदोषही बघून घ्यावा, मंगळ एकवेळ शांत करता येतो.

पत्रं येतील, ती पोस्टाने येतील. त्यात तुम्हाला अमुक तारखेपर्यंत अमुक कागद न दिल्यास काय काय होईल ते लिहिलेलं असेल आणि शेवटी 'मैत्रीपूर्ण शुभेच्छांसह' असं असेल. त्याखाली बारीक अक्षरात, हे पत्र मशीनवर तयार केल्याने सहीशिवाय वैध आहे. तुमची सही मात्र निळ्या शाईने, जागेवर, रकान्याच्या आत. आणि भाषा जर्मन, प्रशासनाची भाषा जर्मन राहील असं कायद्यातच आहे. ज्या ऑफिसात दिवसभर फक्त परदेशी माणसंच येतात तिथे परदेशी भाषा बोलायची नाही, यातला डौल लक्षात घ्या, शाकाहारी खाटकासारखा आहे.

आता फिक्शनबद्दल. तुमचा परवाना संपत आला, तुम्ही वेळेत अर्ज केला, आणि ऑफिसला निर्णय घ्यायला सवड नाही, तर ते तुम्हाला एक कागद देतात, त्याचं नाव फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग. म्हणजे शब्दशः, काल्पनिकतेचा दाखला. चेष्टा करत नाहीये, राहण्याच्या कायद्याच्या ८१व्या कलमात आहे. जुना परवाना संपलाय, पण तो संपलाच नाही असं सगळ्यांनी मिळून समजायचं. परक्या लोकांना हे समजवायला फार वेळ लागतो पण आपल्याला नाही, कारण आपण लहानपणी कच्चं लिंबू होऊन खेळलोय. खेळात आहात, पळताय, धापा टाकताय, पण तुमच्यावर राज्य येणार नाही आणि तुम्ही आउटही होणार नाही. फक्त मोठ्यांनी हाक मारेपर्यंत अंगण सोडायचं नाही.

अंगणाचंही जरा बघून घ्या. त्या कागदावर तीन चौकोन असतात, त्यातला कुठला टिक केलाय त्यावर तुमचं नशीब. कलम ८१ पोटकलम ४ वाला असेल तर देशाबाहेर जाऊन परत येता येतं, पोटकलम ३ वाला असेल तर गेलात की गेलात. आणि बरोबर चौकोन असला तरी मुंबई विमानतळावर रात्री दोन वाजता चेक-इनच्या मुलाला 'हा व्हिसा नाहीये, म्हणजे आहे, म्हणजे आहे असं समजायचंय' हे पटवायचंय, तेव्हा कायद्याचं प्रिंटआउट आणि घरून बांधून दिलेला एक लाडू हाताशी ठेवा, दोन्हीचा उपयोग होतो.

माझ्याकडे तो कागदही नव्हता. अर्ज केलेला, जुनं कार्ड संपलेलं, हातात फक्त 'आपला संदेश पोहोचला' असं सांगणारा ऑटोमॅटिक मेल. त्याच आठवड्यात बाबांची अँजिओप्लास्टी ठरली. मी मेल टाकले, फोन लावले, दारात जाऊन उभी राहिले, टेर्मिन नाही म्हणून सिक्युरिटीवाल्याने परत पाठवलं. भाऊ हॉस्पिटलच्या पॅसेजमधून व्हिडिओ कॉल लावून मोबाइल भिंतीला टेकवून ठेवायचा. बाबा म्हणाले, तू कशाला येतेस, सुट्ट्या वाचव. चार महिन्यांनी मेलचं उत्तर आलं की आपल्या अर्जाला बराच काळ लोटलेला असल्याने विषय अद्याप लागू आहे का ते दोन आठवड्यांत कळवावे, अन्यथा प्रकरण निकाली काढण्यात येईल. मैत्रीपूर्ण शुभेच्छांसह.

तर सल्ला असा की आईबाबांनाच इकडे बोलवा. त्यांचा सगळा खर्च मी करीन असं सरकारला लिहून द्यायचं असतं, २९ युरो फी आहे, आणि ते लिहून द्यायला त्याच ऑफिसची टेर्मिन लागते. आईला हे सांगितल्यावर म्हणाली, हे लग्नाआधी तुझ्या नवऱ्याकडून लिहून घ्यायला हवं होतं.

रांगेत उभं राहताना लॅपटॉपची बॅग सगळ्यांना दिसेल अशी धरा. म्हणजे नंबर देणाऱ्या मशीनला कळेल की तुम्ही ब्लू कार्डवाले, म्हणजे शिकलेल्या नोकरदारांच्या परवान्यावर आलेले, टॅक्स भरणारे, बाकीच्यांतले नाही. मीही धरली होती. माझ्यापुढे एक सीरियन बाई होत्या, मांडीवर पोर, हातात माझ्यापेक्षा जाड ओर्डनर, रंगीत खुणा लावलेला, आणि त्यांनीच मला मोडक्या जर्मनमधून सांगितलं की आत गेल्यावर त्या तीन चौकोनांतला शेवटचाच टिक करून माग आणि तिथेच उभी राहून वाचून घे. ग्रुपवरच्या चारशे इंजिनियरांनी हे सांगितलं नव्हतं. त्यांचं सगळ्यांचं 'माझं तर दोन दिवसांत झालं' एवढंच असतं.

या दोन-दिवसांत-झालं मंडळींकडे पुढे लक्ष ठेवा, फार बघण्यासारखं असतं. ब्लू कार्डावर बी-वन, म्हणजे मधल्या पातळीचं जर्मन येत असेल तर २१ महिन्यांत कायमचा परवाना मिळू शकतो. तो मिळाला की त्यानंतरच्या गणेशोत्सवात मोदक खाता खाता तोच माणूस म्हणतो, आजकाल कुणीही येतंय हो इथे, सिस्टिमवर लोड येतो, कुठेतरी कंट्रोल पाहिजे. तुम्हीही तयारी करून ठेवा, हे वाक्य जर्मनमध्ये बिनचूक आलं की तुमचं इंटिग्रेशन पूर्ण.

अगदीच अंत बघितला तर उनटेटिशकाइट्सक्लागं नावाचं अस्त्र आहे. म्हणजे निष्क्रियतेबद्दलचा दावा. अर्ज करून तीन महिने झाले आणि काहीच कारण न देता ऑफिस गप्प बसलं तर कोर्टात जाता येतं, आणि आमच्या ओळखीत दोघांचा अनुभव असा की वकिलाचं नुसतं पत्र गेलं आणि सापडत नसलेली फाइल टेबलावरच सापडली. हा कायदा घरगुती वापरासाठीही उपलब्ध असता तर मी गच्चीतल्या न लावलेल्या दिव्याबद्दल कधीच दावा ठोकला असता.

माझं कार्ड शेवटी आलं. बर्लिनच्या सरकारी छापखान्यातून छापून येतं ते, मस्त गुळगुळीत. पासपोर्ट संपतो त्याच तारखेपर्यंत वैध, म्हणजे फक्त सात महिने, आणि नवीन पासपोर्टच्या अर्जाला चालू परवान्याची कॉपी लागते, तेव्हा काकड आरती चालूच ठेवलीये. मिलिंदचं कार्ड अजून आलेलं नाही. आम्ही दोघांनी एकाच दिवशी एकाच पाकिटातून अर्ज टाकले होते, पण त्याची फाइल कुठेतरी वेगळी पडली, तो अजून फिक्शनमध्येच आहे. म्हणजे सध्या माझ्या नावातला मिलिंद पुढच्या मार्चपर्यंत पूर्ण कायदेशीर आहे, आणि सोफ्यावर बसून क्रिकेट बघतोय तो काल्पनिक.