पाहुण्या चित्रकारांचे मानधन आणि वाचकांची रांग : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

चित्रकथा, इलस्ट्रेशन आणि ॲनिमेशन यांच्या महोत्सवांविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. महोत्सवांनी पाहुण्या कलाकारांना स्वाक्षरीच्या टेबलावर तासन्‌तास विनामोबदला चित्रे काढायला बसवू नये, त्यांना मानधन द्यावे, आणि कमी पाहुणे बोलावून प्रत्येकाला अधिक वेळ द्यावा, असे मी त्यात लिहिले होते. आपले आक्षेप चार आहेत : पुस्तकावर काढून मिळणारे चित्र हाच वाचक आणि कलाकार यांच्यातला खरा धागा आहे, प्रवास, निवास आणि पुस्तकांची विक्री पदरात पडत असताना पाहुण्यांना वेगळे मानधन कशाला, ॲनिमेशन पडद्यावर दिसतेच, मग त्या कलाकारांना बोलावून काय साधते, आणि पाहुणे कमी केले तर नवोदितांचीच जागा जाईल.

पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. पुस्तकावर चित्र काढून घेण्यासाठी लागणाऱ्या रांगेविषयीचे ‘ही रांग बंदच करावी’ हे माझे वाक्य अविचाराने लिहिले गेले. ज्याची पात्रे आपण वर्षानुवर्षे छापील पानांवर पाहिली, त्याचा हात आपल्यासमोर कोऱ्या कागदावर एका रेषेने सुरुवात करतो आणि बघता बघता ते पात्र तिथे उभे राहते, हा अनुभव मीही घेतला आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. माझा आक्षेप या देवाणघेवाणीला नसून, ती ज्या रीतीने घडवून आणली जाते त्या रीतीला आहे.

एका महोत्सवात मी स्वयंसेवक म्हणून अशाच एका टेबलामागे उभा होतो. प्रत्येक चित्राला दहा मिनिटे धरली, तर तासाला सहा आणि चार तासांत चोवीस चित्रे होतात. तिथे मात्र रांगेत साठाहून अधिक माणसे होती. तिसऱ्या तासाला त्या चित्रकाराने मनगटाला पट्टी बांधली, आणि तरीही आयोजकांनी रांग थांबवली नाही, कारण ‘लोक दुरून आले आहेत’. लोक दुरून आले होते हे खरेच होते, पण ज्याच्या हातावर त्याचा सगळा चरितार्थ चालतो त्याने तो हात आणखी किती ताणायचा, हे ठरवण्याचा अधिकार त्या टेबलापाशी कोणाकडेच उरला नव्हता, खुद्द त्याच्याकडेही नव्हता.

विक्रीचा मुद्दा वरवर पटतो. परंतु पुस्तकाच्या किमतीतला लेखक-चित्रकारांचा वाटा बहुधा दहा टक्क्यांच्या आसपास असतो. लेखक वेगळा असेल तर तो दोघांत विभागला जातो, आणि प्रकाशकाने आधी दिलेली आगाऊ रक्कम फिटेपर्यंत या विक्रीतून हाती नवे काहीच येत नाही. शिवाय महोत्सवात घालवलेले तीन-चार दिवस घरच्या कामाच्या टेबलावरून वजा होतात आणि त्या दिवसांची पाने कोणी दुसरा काढून देत नाही. फ्रान्समध्ये पुस्तकावर चित्र काढून देण्याची प्रथा खोलवर रुजलेली आहे, आणि तिथेच हा प्रश्न जाहीरपणे मांडला गेला. २०१८ साली पॅरिसच्या पुस्तकमेळ्यात कार्यक्रमांत भाग घेणाऱ्या सर्वच लेखकांना मानधन मिळणार नाही हे कळताच लेखकांनी ‘आपल्या लेखकाला पैसे द्या’ अशा अर्थाची मोहीम समाजमाध्यमांवर चालवली आणि आयोजकांना भूमिका बदलावी लागली. जानेवारी २०२०मध्ये ब्रुनो रासीन यांनी फ्रेंच सरकारला सादर केलेल्या अहवालातही मेळ्यांतील आणि महोत्सवांतील सहभागासाठी लेखक-कलाकारांना मोबदला मिळावा असे सुचवले होते. मानधनाने जिव्हाळा आटतो असे आपण म्हणता. गायकाला बिदागी दिल्याने त्याची मैफल कोरडी झाली असे आपण कधी म्हणत नाही.

ॲनिमेशनविषयीचा आपला आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो या कलेविषयीच्या एका सर्वसाधारण गैरसमजातून आला आहे. चित्रपट पूर्ण झाला की करणारा माणूस अनावश्यक ठरतो, असे आपण गृहीत धरले आहे; या कलेची सुरुवात मात्र नेमकी उलट झाली. २८ ऑक्टोबर १८९२ रोजी एमिल रेनो यांनी पॅरिसच्या ग्रेव्हाँ संग्रहालयात आपली हाताने रंगवलेली चित्रपट्टी प्रेक्षकांना दाखवली तेव्हा यंत्रापाशी ते स्वतः होते; पट्टी पुढे-मागे फिरवत, कुठे थांबत, कुठे एखादी हालचाल पुन्हा घडवत त्यांनी सुमारे पाचशे चित्रांचा पंधरा मिनिटांचा प्रयोग केला. आज २८ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय ॲनिमेशन दिन म्हणून पाळला जातो. विन्झर मॅके तर वृत्तपत्रांतले नामांकित चित्रकथाकार. १९१४ साली ते हातात चाबूक घेऊन रंगमंचावर उभे राहत, पडद्यावरच्या गर्टी या डायनासोरला आज्ञा देत, आणि ती त्या पाळते आहे असा भास प्रेक्षकांना होई. म्हणजे चित्रकथा आणि ॲनिमेशन यांची सरमिसळ आजच्या महोत्सवांनी शोधून काढलेली नाही, आणि प्रेक्षकांसमोर उभा असलेला कलाकारही नवा नाही.

तरीही ॲनिमेशनचे पाहुणे मंचावर अनेकदा फिके पडतात, हे आपले निरीक्षण मी नाकारत नाही. त्याचे कारण असे की, त्यांना चित्रकथाकारांच्याच साच्यात बसवले जाते. चित्रपटात सेकंदाला चोवीस चौकटी (फ्रेम) असतात. प्रत्येक चित्र दोन चौकटींना पुरवले तरी एका मिनिटासाठी सातशेवीस चित्रे लागतात. हे काम दहा मिनिटांत कोणाच्या वहीवर कसे दाखवणार? त्यासाठी वेगळी मांडणी हवी. फ्रान्समधील आनसीच्या ॲनिमेशन महोत्सवात अपूर्ण चित्रपटांचीच सत्रे होतात. दिग्दर्शक आपले स्टोरीबोर्ड (प्रसंगांचे चित्रांतून आखलेले आराखडे), हालचालींच्या कच्च्या चाचण्या, बाद केलेले प्रसंग प्रेक्षकांपुढे ठेवतात. एका लहानशा सत्रात एका ॲनिमेटरने चालण्याच्या एका आवर्तनाची बारा पेन्सिल-चित्रे आमच्या हाती दिली, ती बोटांनी फडफडवायला सांगितली, मग त्यातली दोन काढून घेतली आणि पुन्हा फडफडवायला लावली. चालणारा माणूस लंगडू लागला! पडद्यावरचा कोणताही चित्रपट मला हे इतक्या थेटपणे सांगू शकला नसता.

चित्रकथेत रंग भरणारे आणि संवादांची अक्षरे काढणारे ‘नावही न ऐकलेले’ कलाकार पाहुणे म्हणून कशाला, हा आपला उपप्रश्न मला पटला नाही. पानावर त्यांचे काम असते, म्हणून ते पाहुणे.

आता नवोदितांविषयी. इथे आपण माझ्या लेखातली खरी उणीव दाखवली आहे. मानधन सक्तीचे केले आणि निधी तेवढाच राहिला, तर लहान महोत्सव दोन प्रसिद्ध नावे बोलावतील आणि उरलेल्या दहा जणांना वगळतील, ही भीती रास्त आहे. मात्र आज खुली वाटणारी पाहुण्यांची यादीही तितकी खुली नसते. फ्रान्समधील आँगुलेमचा चित्रकथा महोत्सव १९७४ साली सुरू झाला. २०१६ साली तिथल्या सर्वोच्च सन्मानासाठी तीस नावांची यादी जाहीर झाली, तीत एकही स्त्री नव्हती. यादीतल्या अनेक पुरुष चित्रकारांनी आपली नावे मागे घेतली आणि अखेर ती यादीच रद्द करावी लागली. पाहुणे कमी असोत की अधिक, निवड करणाऱ्यांची नजर सवयीच्या नावांवरच फिरत राहिली तर नवोदितांना जागा मिळत नाही.

आपण टोकियोतील कॉमिकेट या स्वतः छापलेल्या चित्रकथांच्या मेळ्याचे उदाहरण दिलेत, ते चपखल आहे. १९७५पासून चालत आलेल्या त्या मेळ्यात विकणारे, घेणारे आणि राबणारे असे सगळेच ‘सहभागी’ मानले जातात. स्वतः छापलेल्या पुस्तकांच्या मेळ्यासाठी ही रचना उत्तम आहे, आणि नवोदितांना असा विभाग प्रत्येक महोत्सवाने द्यावा, असे मी आता म्हणेन. परंतु मूळ पानांसमोर उभे राहून, शाईखालची निळी पेन्सिल, पांढऱ्या रंगाने झाकलेली चूक, वरून चिकटवलेला तुकडा दाखवत जो चित्रकार वीस जणांना आपले प्रदर्शन समजावून सांगतो, त्याची जागा त्या रचनेत भरून निघत नाही. आँगुलेमच्या २४ तासांत २४ पाने काढण्याच्या उपक्रमात नावाजलेले आणि नवखे एकाच आव्हानाला सामोरे गेले आहेत. तशी सोय मला दोघांसाठीही टेबलामागच्या दिवसापेक्षा अधिक सन्मानाची वाटते.

शेवटी आपण विचारले आहे, की पुढच्या वेळी रांगेत उभे राहून चित्र मागावे की नाही. महोत्सवाने चित्रांची संख्या आणि वेळ आधी जाहीर केली असेल, आणि त्या बैठकीचे मानधन कलाकाराला मिळणार असेल, तर निःसंकोच मागा. तसे काही जाहीर नसेल तर आधी स्वाक्षरी मागा, आणि चित्र काढायचे की नाही हे त्यांच्यावर सोपवा. मूळ लेखातले ते वाक्य बदलून मी तिथे आता हेच लिहिले आहे.