दोन तासांत नवा ओटा, म्हणे!

'घरच्या घरी, अवघ्या दोन तासांत जुना ओटा नव्यासारखा करा' असे हसत हसत सांगणाऱ्या प्रत्येकाला माझ्या स्वयंपाकघरात उभे करून, हातात पॉलिश पेपर देऊन, एकच प्रश्न विचारायचा आहे: ते दोन तास नक्की कोणत्या घड्याळातले?

आमचा ओटा कडप्प्याचा. १९९८ साली बसवला, तेव्हा आरशासारखा काळा होता. आता मूळ काळेपण उरले आहे ते फक्त मिक्सरखालच्या चौकोनात. बाकी सगळीकडे पांढुरके पट्टे, आणि शेगडीशेजारी चिंचेच्या कोळाच्या वाटीने कायमचे उमटवलेले एक वर्तुळ. हे डाग घालवण्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात गेलो, तर दुकानदाराने क्षणाचाही विचार न करता ॲसिडची बाटली पुढे सरकवली आणि "दहा मिनिटं ठेवा, चकाचक होईल," असे छातीठोक सांगितले. दगड कोणता, हे त्याने विचारले नाही आणि मीही बोललो नाही. कडप्पा हा मुळात चुनखडीचा दगड; ग्रॅनाइटला लिंबू-चिंचेने काही होत नाही, पण याची झिलई साध्या आमसुलाच्या पाण्यानेही उतरते, मग ॲसिडने काय होणार? शाळेत चुनखडीवर आम्ल टाकून जे बुडबुडे पाहिले होते, ते मी स्वखर्चाने स्वतःच्या ओट्यावर पाहिले.

मग घासणे आले. १२०, २२०, ४००, ८०० असे एकेका नंबरचे कागद, पाणी टाकत टाकत. ग्राइंडरला पॅड लावून मधला भाग तरी उरकतो. पण सिंकची कड, नळामागची बोटभर जागा आणि टाइल्सला टेकलेला कोपरा यांपैकी कुठेही यंत्र पोहोचत नाही. तिथे बोटांनीच घासावे लागते, आणि तो राखाडी राडा बंद ड्रॉवरमधल्या चमच्यांपर्यंत कसा जातो, हे मला अजून उलगडलेले नाही. तीन रविवार यात गेले.

एवढे करून थांबलो असतो, तरी शहाणा ठरलो असतो. पण 'वरून इपॉक्सीचा थर द्या, काचेसारखा दिसेल' हाही सल्ला मिळालेला होताच. इपॉक्सी म्हणजे दोन द्रव मिसळले की कडक होणारे प्लॅस्टिक: दोन भाग रेझिन, एक भाग ते घट्ट करणारा हार्डनर, आणि एकदा मिसळले की घट्ट व्हायच्या आत पसरवायची घाई. मी हा उद्योग ऐन जुलैत केला. बाहेर धो धो पाऊस, घरात वाळत घातलेले कपडे, आणि त्या दमट हवेत थरावर अशी चिकट, पांढुरकी साय आली की तळहात टेकवला तर ठसा उमटावा. काचेसारखे कसले? थंड झालेल्या खिरीसारखे! ती साय धुऊन काढली, तेव्हा डब्याच्या बुडाशी, मुंगीच्या अक्षरांत, पूर्ण कडक व्हायला सात दिवस लागतात असे छापलेले दिसले. सात दिवस! तेवढे दिवस चार माणसांचा स्वयंपाक जेवणाच्या टेबलावर, एका इंडक्शनवर चालला. आई रोज एकदा, आवाज अजिबात न चढवता, "आम्ही खोबरेल तेलाचा बोळा फिरवायचो रे," एवढेच म्हणायची, आणि खरे सांगतो, ती ओरडली असती तर बरे झाले असते.

आठव्या दिवशी शेगडीवरून उतरवलेला कुकर सवयीने ओट्यावर ठेवला गेला. उचलला, तर थर मऊ पडून त्याच्या बुडाएवढे वर्तुळ उमटलेले, अगदी चिंचेच्या वाटीच्या जुन्या जागेवर. शेवटी दगडाला पॉलिश करणाऱ्या कारागिराला बोलावले. त्याने नखाने थर खरवडून पाहिला आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, पॉलिशचे पैसे वेगळे आणि हे प्लॅस्टिक काढायचे वेगळे."