व्हॉलची चावी हाती आली, आता काय?

अभिनंदन! वाळवा तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या गावाची तहान आता तुमच्या चावीवर. कागदोपत्री तुम्ही जलसुरक्षक, गावात नुसते ‘पाणी सोडणारा’. पगार चार महिने थकेल, तोवर मानावर भागवा.

आधी टीसीएलचं, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरीचं पोतं. तोंड बांधून कोरड्या जागी ठेवलं नाही तर त्यातला क्लोरीन उडतो म्हणतात. उडू दे. पंपघरात मोटारीच्या ओलीला उघडं टाका. पावसाळा सरेतो त्याची ढेकळं होतात. ना वास, ना डोळ्यांची चुरचुर. हजार लिटरला 5 ग्रॅम, म्हणजे लाखाच्या टाकीला अर्धा किलो. बादलीत कालवायचं, अर्धा तास थांबायचं, वरची निवळी तेवढी टाकीत ओतायची. एवढ्यात पारावरच्या गप्पा चुकतात. त्यापेक्षा सोमवारी दोन ओंजळी वरून भिरकावा. त्या दिवशी बायका ‘पाण्याला औषध मारतंय’ म्हणून ओरडतील. बाकी सहा दिवस पाणी गोड लागतं म्हणून कौतुक तुमचंच.

ओटी टेस्ट म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते थेंब टाकून बघणं; उरला असेल तर पाणी पिवळं होतं. तिची खरी कला नळ निवडण्यात. शेवटच्या नळाला लिटरमागं निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा, पण तो नळ वस्तीच्या टोकाला, चिखलापलीकडं. टाकीखालचा नळ दहा पावलांवर. सोमवारीच जा. नळीत थेंब पडताच पाणी हळदीसारखं पिवळं! तेच महिनाभराच्या वहीत उतरवा, एका बैठकीत. मधेमधे पेन बदला, तेवढी लाज असू द्या. टाकी धुवायला आत उतरायचं कशाला? पेंटरकडून टाकीवरची तारीख बदलून घ्या. पंचायतीच्या भिंतीला पाणी सुरक्षित असल्याचं हिरवं कार्ड लागलंच समजा.

गटारीतल्या पाइपाच्या गळतीला सायकलची ट्यूब आवळा. पाणी बंद झालं की पाइप तिथूनच गटार आत ओढतो, म्हणून सकाळच्या पहिल्या दोन घागरी काळपट येतात. ‘नदीला नवं पाणी आलंय’ म्हणायचं. 2019 चा पूर पाहिलेलं गाव मान डोलावतं, एप्रिलातसुद्धा.

पोरांना जुलाब लागले तर आरोग्य केंद्राच्या बाई येतील, नेमका शेवटचाच नळ तपासतील. नळीतलं पाणी पिवळं होणार नाही. ‘ओटीचं औषध जुनं असेल, बाई,’ म्हणा. आणि तुमच्या घरी पाणी उकळून पितात ना? ते पातेलं तेवढं परसदारी ठेवायला सांगा.